सक्ती नाही, तरीही डोके उघडेच

सायकलस्वाराने हेल्मेट घालावे काय, हा विषय सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत निघाला की त्यावर चर्चा होत नाही, हसणे होते. या हसण्यामागे जे मत आहे ते असे मांडता येईल: सायकल हे सावकाश चालणारे, पेट्रोल न लागणारे, निरुपद्रवी वाहन आहे, तिच्यावरून पडणाऱ्याचा गुडघा सोलतो, फार तर हात मोडतो, हेल्मेट हे मोटारसायकलवाल्याच्या गळ्यातले लोढणे असून तेही चौकातला पोलीस दिसेपर्यंत कोपरात अडकवून ठेवायचे असते, सायकलीवर ते घालणारे म्हणजे रविवारी पहाटे अंगाला चिकटणारे रंगीत कपडे घालून यवतेश्वरचा घाट चढणारे हौशी लोक, मागच्या तीन पिढ्यांनी उघड्या डोक्याने सायकली हाकल्या आणि त्यांचे काही बिघडले नाही, आणि सरतेशेवटी, खड्डे बुजवायचे सोडून लोकांच्या डोक्यावर टोप चढवणे हा सरकारचा जबाबदारी झटकण्याचा डाव आहे. हे मत पारावरच्या रिकामटेकड्यांचे असते तर त्याकडे काणाडोळा करता आला असता. परंतु ते शिक्षकांच्या खोलीत आणि वकिलांच्या कार्यालयात तितक्याच आत्मविश्वासाने ऐकू येते, आणि मुलाला नवी सायकल घेणारे पालक दुकानात घंटी, स्टँड आणि बास्केटसाठी घासाघीस करतात तेव्हा हेल्मेटचा विषयही निघत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. या मतातील प्रत्येक विधान अर्धे खरे आहे. अडचण इतकीच की ते जिथे अर्धवट सोडले जाते तिथून पुढे नेले, तर बोलणाऱ्याच्याच विरुद्ध जाते.

वेगाचेच पाहावे. सायकल हळू चालते म्हणून डोक्याला धोका नाही, या तर्कात एक गोष्ट गुपचूप धरून चाललेली असते, ती अशी की डोके जमिनीवर आदळते ते सायकलीच्या वेगाने. प्रत्यक्षात पडणाऱ्याचे डोके जमिनीकडे ओढले जाते ते गुरुत्वाकर्षणाने, आणि सायकल किती वेगाने चालली होती याच्याशी गुरुत्वाकर्षणाला काही कर्तव्य नसते. सीटवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोके जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास उंच असते; दीड मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीला टेकते त्या क्षणी तिचा वेग सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १९.५ किलोमीटर झालेला असतो. सायकल जागच्या जागी उभी असतानाही एवढा वेग मिळतो. सायकलीच्या हेल्मेटसाठी युरोपात ईएन १०७८ हे मानक, म्हणजे चाचणीचे ठरलेले मोजमाप, वापरले जाते. त्यात हेल्मेट सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर या वेगाने आदळून पाहतात. म्हणजे हे मानक शर्यतीतल्या गड्याचा नव्हे, तर साध्या पडणाऱ्याचा विचार करून बेतलेले आहे. ताशी दहा-बारा किलोमीटरने चाललेल्या पेपरवाल्या पोराला गुरुत्वाकर्षण सवलत देते, असे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे?

खरा घात पडण्यात नसतो, थांबण्यात असतो. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसून मस्तिष्कमेरुद्रव या पातळ द्रवात तरंगत असतो. कवटी एकाएकी थांबली तरी तो पुढे जात राहतो, तिच्यावर आपटतो, पिळवटला जातो, त्याच्या पृष्ठभागावरच्या शिरा तुटतात आणि कवटीच्या बंद पेटीत रक्त साचू लागते. इजा किती होणार हे बऱ्याच अंशी डोके किती अंतरात थांबले यावर ठरते. उघडे डोके डांबरावर पाच मिलिमीटरांत थांबले असे धरले, तर त्याचे मंदन, म्हणजे वेग घटण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट येतो. तेच डोके दोन सेंटिमीटरांत थांबले तर हा आकडा ७५ पटींवर उतरतो. हा कागदावरचा आदर्श हिशोब आहे, प्रत्यक्षातले आकडे इतके सरळ नसतात. पण थांबण्याचे अंतर वाढले की मार त्याच प्रमाणात सौम्य होतो, हे सूत्र बदलत नाही. हेल्मेटच्या आतला पांढरा जाड थर, ज्याला बाजारात थर्माकोल म्हणतात आणि ज्याचे शास्त्रीय नाव विस्तारित पॉलिस्टायरीन आहे, तो स्वतः चेपून हे दीड-दोन सेंटिमीटर मिळवून देतो. एकदा चेपला की तो कामातून गेला, म्हणून जोराचा मार खाल्लेले हेल्मेट फेकून द्यायचे असते.

शिवाय सायकल सावकाश चालते हे कृष्णाकाठच्या सपाट सांगलीत एकवेळ खरे, साताऱ्यात ते खरे नाही. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येणारा राजपथ उताराचा आहे. यवतेश्वरचा किंवा वाईजवळचा पसरणी घाट उतरणारी सायकल एकदाही पायडल न मारता मोटारसायकलीच्या वेगाला जाते. आणि सांगलीच्या सपाटीवर पाडायला वेग लागतच नाही. गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कारखान्यांच्या वाटेला लागतात, मोळ्यांतून सुटलेल्या उसाच्या कांड्या डांबरावर लोळत असतात, शेतातून बाहेर पडणाऱ्या चाकांबरोबर काळ्या रानाचा चिखल रस्त्यावर येतो आणि पहाटेच्या दवाने तो साबणासारखा निसरडा होतो. मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि दिसल्यावर तिला टाळायला जावे तर साईडपट्टी वीतभर खचलेली असते. कांडीवर पुढचे चाक चढणे, साईडपट्टीवरून खाली घसरणे, गतिरोधकाचे पट्टे पुसल्यामुळे तो न दिसणे: या सगळ्या पडण्यांत समोरचे वाहनही नसते आणि वेगही नसतो. असते ते फक्त डोके आणि डांबर.

यावर लगेच विचारले जाते, की सायकलवरून पडून मेल्याचे कुणी ऐकले आहे काय? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत ४,८०० हून अधिक सायकलस्वार होते. ही गणना पोलिसांकडे पोचलेल्या अपघातांची आहे. मोटारीने उडवलेल्या सायकलस्वाराचा पंचनामा होतो, कारण आरोपी असतो. खड्ड्यात आपटून एकट्याच पडलेल्या सायकलस्वाराची फिर्याद कोण देणार, आणि कुणाविरुद्ध? त्याला घरी नेतात, हळद लावतात, संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या की मिरजेच्या किंवा कऱ्हाडच्या रुग्णालयात हलवतात, आणि तिथल्या कागदावर तो नुसता ‘पडून मार’ म्हणून उरतो. जे मोजलेच जात नाही ते घडतच नाही, असा निष्कर्ष काढणारे लोक एरवी मोठे व्यवहारी म्हणवून घेतात.

तीन पिढ्यांचा दाखला याच जातीचा आहे. ‘आम्ही चाळीस वर्षे चालवली, काही झाले नाही’ हे वाक्य उच्चारायला माणूस जिवंत आणि शुद्धीवर असावा लागतो. ज्यांना काही झाले त्यांची साक्ष या दरबारात कधी होतच नाही. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे सांगणाराही वाचलेलाच असतो. आणि त्या तीन पिढ्यांच्या रस्त्यावर होते तरी काय? बैलगाडी, क्वचित एसटी, आणि गावातल्या एकदोघांची मोटारसायकल. आजचा पुणे-बंगळूर महामार्ग सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून धावतो, शेंद्रे ते कागल या टप्प्याचे सहापदरीकरण चालू आहे, आणि त्याच्या सेवारस्त्यांवरून शाळेच्या मुली सायकलीने जातात. आजोबांचा रस्ता परत आणून दिल्यास आजोबांच्या सवयीवरही बोलता येईल.

उरलेल्यांचा आधार नशिबाचा. मरण यायचे असेल तर ते पलंगावरही येते, असे म्हटले की वाद मिटला असे त्यांना वाटते. पण दैववादी माणूस संरक्षण घेतच नाही, असे थोडेच आहे? नवा ट्रॅक्टर दारात आला की त्याला लिंबू-मिरची बांधली जाते, चाकाखाली नारळ फोडला जातो, काचेवर कुलदैवताचे नाव येते. म्हणजे संरक्षणाची गरज मान्य आहे. चाचणी होऊन सिद्ध झालेले संरक्षण तेवढे नको आहे. आणि डोक्याच्या दुखापतीचा शेवट नेहमी मरणातच होतो, हे तरी कुणी सांगितले? बोलणे गेलेला, स्वतःच्या मुलाचे नाव न आठवणारा, अचानक चिडणारा आणि कामाला कधीच न परतणारा माणूस पंधरा-वीस वर्षे घरात असतो. ‘वेळ’ न आलेल्यांचा हा हिशोब दैववादाच्या वहीत कुठे लिहिला जातो?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. आधी रस्ते नीट करा, मग हेल्मेटचे बोला. खड्डा ठेकेदाराचा आणि टोप सायकलस्वाराच्या डोक्यावर, हा कुठला न्याय? या म्हणण्यातील संताप रास्त आहे आणि त्यातली मागणीही रास्त आहे. लबाडी दडली आहे ती ‘आधी’ या शर्तीत. रस्ता दुरुस्त व्हायला किती काळ लागतो हे या भागाला कुणी शिकवायला नको. खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे उतरताना लागणारे इंग्रजी एस आकाराचे वळण धोक्याचे आहे हे वर्षानुवर्षे सर्वांना ठाऊक होते. एप्रिल २०१८ मध्ये त्याच ठिकाणी मजुरांनी भरलेले वाहन उलटून १८ जणांचा मृत्यू झाला, आणि ते वळण टाळणाऱ्या नव्या बोगद्यांचे काम त्यानंतरही कित्येक वर्षे चालूच राहिले. देशातल्या एका प्रमुख राष्ट्रीय महामार्गाची ही कथा असेल, तर वाळवा किंवा खटाव तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा मार्गाची साईडपट्टी केव्हा भरली जाईल? आणि तोवर डोक्याने काय करायचे? रस्ते वाईट आहेत हे विधान पूर्ण केले तर त्यातून निघणारा निष्कर्ष एकच: म्हणून डोके झाकावे. वाईट रस्त्याचे कारण सांगून उघड्या डोक्याचे समर्थन करणारा माणूस स्वतःच्याच मुद्द्याचा दुसरा अर्धा भाग गिळून टाकतो.

हेल्मेट घातले की सरकार सुटते, ही भीतीही पोकळ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या गटारामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि सुस्थितीतले, सुरक्षित रस्ते मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला. हा हक्क हेल्मेट घातलेल्याचा कमी होत नाही. उलट, जबाबदारी टाळू पाहणाऱ्या यंत्रणेला उघड्या डोक्याचा मृत सायकलस्वार फारच सोयीचा असतो, कारण त्याच्याकडे बोट दाखवून ‘यानेच काळजी घेतली नाही’ असे म्हणता येते. आणि जिवंत, शुद्धीवर असलेला, खड्ड्याचे छायाचित्र घेऊन तक्रार करणारा सायकलस्वार तिला सर्वांत गैरसोयीचा. ज्यांना ठेकेदाराला खरोखर जाब विचारायचा आहे त्यांनी आधी जाब विचारण्याइतके शाबूत राहायला नको काय?

ट्रकचे चाक अंगावरून गेले तर हेल्मेट वाचवत नाही, हे मात्र मान्य. तसा दावा कोणी केलेलाही नाही. २०१९ चा महापूर छत्रीने अडला नाही, म्हणून सांगलीकरांनी छत्र्या टाकून दिल्याचे ऐकिवात नाही.

उकाडा, केस गळणे, मानेचे दुखणे, मागचा हॉर्न ऐकू न येणे, या आक्षेपांवर फार शाई खर्चण्याचे कारण नाही, कारण ते सगळे मोटारसायकलच्या हेल्मेटवरून उसने आणलेले आहेत. सायकलीचे हेल्मेट साधारण पाव किलोच्या आसपास वजनाचे असते, त्याला वारा खेळण्यासाठी भोके असतात आणि ते कान झाकत नाही. ज्याने ते कधी हातात घेतलेले नाही त्याला ते मानेला जड वाटते.

काही जण मात्र वाचून आलेले असतात, आणि त्यांच्या हातात परदेशी संशोधन असते. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी सायकलीला अंतर मोजणारे उपकरण लावून स्वतःच शहरांत सायकल चालवली आणि २००७ साली असा निष्कर्ष मांडला की हेल्मेट घातलेल्या सायकलस्वाराला मागून येणारी वाहने सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून ओलांडतात. त्यावरून हेल्मेटमुळेच धोका वाढतो, असे सांगितले जाते. ज्यांनी हा प्रयोग शेवटपर्यंत वाचला त्यांना हेही ठाऊक असते, की वॉकर यांनी त्यात स्त्रियांसारख्या लांब केसांचा टोप घालूनही सायकल चालवली आणि तेव्हा वाहने आणखी अंतर ठेवून गेली. आक्षेपक आपल्या पुराव्याशी प्रामाणिक असतील, तर त्यांनी विश्रामबागेतून मिरजेला निघताना केसांचा टोप घालायला हवा. पुढे २०१३ मध्ये त्याच आकडेवारीची फेरतपासणी करणाऱ्या संशोधकांनी दाखवले की वाहन एक मीटरपेक्षा जवळून जाण्याच्या, म्हणजे खरोखर धोक्याच्या, प्रसंगांशी हेल्मेटचा अर्थपूर्ण संबंध दिसत नाही. आणि साडेआठ सेंटिमीटर वादासाठी खरे धरले, तरी ज्या रस्त्यावर एसटी सायकलस्वाराच्या कोपराला वारा घालत जाते, तिथे चालक आधी डोके न्याहाळून मग अंतर ठरवतो, अशी कल्पना करणे हे त्या चालकाच्या निरीक्षणशक्तीचे कौतुकच म्हणावे लागेल.

याच घराण्यातला दुसरा युक्तिवाद धोका-भरपाईचा आहे. धोका-भरपाई म्हणजे सुरक्षिततेचे साधन मिळाले की माणूस बेफिकीर होऊन मिळालेला लाभ उधळून टाकतो, हा सिद्धान्त. अमेरिकी अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मोटारींच्या सुरक्षा-नियमांबद्दल तो मांडला. सिद्धान्त म्हणून तो विचारात घेण्याजोगा आहे. पण सायकलीच्या ब्रेकमुळे माणूस बेफिकीर होतो म्हणून ब्रेक काढावेत, असे या सिद्धान्ताचे भक्त का म्हणत नाहीत? आणि शेवटी परिणाम मोजायचाच असेल तर तो मोजलेला आहे. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील ऑलिव्हिए आणि क्रेटन यांनी ४० अभ्यासांतील ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला इजा होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी आणि गंभीर इजेची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. १९८९ मध्ये सिअ‍ॅटलमधील अभ्यासाने हा लाभ ८५ टक्के सांगितला होता, आता तो घसरला, असा शेरा यावर मारला जातो. घसरला हे खरे. पण पंच्याऐंशीचे एक्कावन्न झाले म्हणून शून्य निवडायचे, हे कोणते अंकगणित?

नेदरलँड्सचा दाखला तर ठरलेलाच. तिथे लाखो लोक हेल्मेटशिवाय सायकल चालवतात, हे बरोबर. ते ज्या वेगळ्या सायकलमार्गांवर चालवतात ते मार्ग मात्र दाखला देणारा सोबत आणत नाही. दाखला उचलायचा तर पुरता उचलावा: वेगळे मार्ग, मंद केलेली वाहतूक, सायकलस्वाराला आधी वाट देणारे चालक. सांगली-मिरज रस्त्यावर यांपैकी काय आहे? डेन्मार्कमध्येही असेच मार्ग आहेत, सक्तीही नाही, आणि तरीही तिथे शहरांतले निम्म्याच्या आसपास सायकलस्वार स्वतःहून हेल्मेट घालतात. हा दाखला कधीच का येत नाही?

हेल्मेट म्हणजे हौशी शर्यतबाजांचे सोंग, असे मानणाऱ्यांना हे सांगायला हवे, की शर्यतबाजांनीही ते सुखासुखी स्वीकारलेले नाही. जागतिक सायकल संघटनेने १९९१ मध्ये व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे करू पाहिले, तेव्हा फ्रान्समधील पॅरिस-नीस शर्यतीत स्पर्धकांनीच बंड केले आणि नियम मागे पडला. बारा वर्षांनी, मार्च २००३ मध्ये, त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव दुसऱ्या सायकलींशी अडखळून पडला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच वर्षी सक्ती झाली. तेव्हाही शेवटच्या लांब चढावर हेल्मेट काढण्याची सवलत ठेवली होती, कारण चढावर वेग कमी असतो. पुढे तीही काढून टाकण्यात आली. यवतेश्वर चढताना हेल्मेट हँडलला लटकवणाऱ्या आणि वर पोचल्यावर छायाचित्रापुरते घालणाऱ्या साताऱ्याच्या हौशी मंडळींनी एवढा इतिहास वाचायला हरकत नाही. अर्थात त्यांचे सोंग हा हेल्मेटविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही. तो फक्त त्यांच्याविरुद्धचा पुरावा आहे.

हे श्रीमंतांचे खेळणे आहे, गरिबाला परवडत नाही, हा आक्षेप घेणारे बहुतेक वेळा स्वतः गरीब नसतात. डोक्याची शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभागातले दिवस आणि महिनोन्‌महिने बुडालेली रोजंदारी कुणाला सर्वांत कमी परवडते? एमआयडीसीत पाळीवर सायकलने जाणाऱ्या कामगाराला, की त्याच्या वतीने कळवळणाऱ्या मोटारवाल्याला? परवडत नसेल तर ते स्वस्त करावे, सायकलीबरोबर द्यावे, अनुदान द्यावे, हे तर्काने पुढे येते. परवडत नाही म्हणून नकोच, हे येत नाही. मोफत सायकलवाटपाच्या कार्यक्रमांत पुढारी, हार आणि सायकलींची रांग छायाचित्रात व्यवस्थित मावते. मुलींच्या डोक्यांचा विचार मात्र त्या चौकटीबाहेर राहतो.

शिरस्त्राण पुरुषार्थाला शोभत नाही, अशीही एक सुप्त भावना या मुलखात आहे, आणि तिला इतिहासाचा रंग दिला जातो. इतिहासच हवा असेल तर सातारा जिल्ह्यातच प्रतापगड आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्याच्या वस्त्राखाली पोलादी टोप घातला होता, असे इतिहासकार सांगतात. धोका ओळखून त्याची आधी तजवीज करणे हे त्या पराक्रमाचे अंग होते. त्यांचे नाव सायकलीच्या मडगार्डवर रंगवून उघड्या डोक्याने महामार्गावर शिरणाऱ्यांनी त्यांच्यापासून नेमके काय घेतले?

शेवटी राहतो तो स्वातंत्र्याचा मुद्दा, आणि महाराष्ट्रात तो मोठ्या आवाजात मांडला गेला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ दुचाकी मोटारवाहनावरील व्यक्तीला हेल्मेट बंधनकारक करते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ड मध्ये एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद आणली. २०१६ मध्ये ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा झाली आणि ती लवकरच विरली. २०१७ मध्ये सातारा-सांगलीसह कोल्हापूर पोलीस परिक्षेत्रात सक्तीची मोहीम निघाली तेव्हा विरोधाचे सूर उमटले. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात लोकांनी पगड्या घालून दुचाक्यांवरून निषेध केला. या सगळ्या विरोधाचे एक ठरलेले ब्रीद होते: आमचा विरोध हेल्मेटला नाही, सक्तीला आहे. हे ब्रीद तपासण्याची सोय एरवी नसती. सायकलीने ती आयती करून दिली आहे. कलम १२९ सायकलीला लागू होत नाही. सायकलस्वाराला दंड नाही, परवाना नाही, म्हणून परवान्याचे निलंबन नाही, पेट्रोल लागत नाही, चौकात अडवणारा पोलीस नाही. सक्तीचा मागमूसही नसलेले, पूर्ण स्वातंत्र्याचे हे क्षेत्र आहे. विरोध खरोखर सक्तीलाच असता, तर या क्षेत्रात सातारा-सांगलीचे सुजाण नागरिक स्वखुशीने हेल्मेट घालून हिंडताना दिसायला हवे होते. पोवई नाक्यावर किंवा आयर्विन पुलाजवळ सकाळी उभे राहून कुणीही पाहावे, किती दिसतात.

सक्ती हवी की नको आणि हेल्मेट उपयोगी की निरुपयोगी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची गल्लत सोयीपोटी केली जाते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले, तेव्हा मुलांचे सायकल चालवणे घटल्याचे दिसून आले. सिअ‍ॅटल ज्या किंग काउंटीत येते तिथल्या आरोग्य मंडळाने, कायदा बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांवरच अधिक उगारला जातो असे पाहून, २०२२ मध्ये सायकल-हेल्मेटची सक्ती रद्द केली, पण त्याच वेळी हेल्मेट घालत राहण्याचे आवाहनही केले. सक्ती नाकारूनही हेल्मेट स्वीकारता येते, हे तिथल्या लोकांना समजते. सातारा-सांगलीत सायकलस्वारांवर कायदा लादण्याची मागणी येथे केलेली नाही. हा प्रदेश सायकलीपासून दूर जावा असे कुणाला वाटेल? पण जिथे कायदा नाही तिथे उघड्या डोक्याचा बचाव कायद्याच्या जुलमाकडे बोट दाखवून करता येत नाही. तिथे उरतो तो आळस, उरते ते ‘लोक हसतील’ हे भय, आणि त्या दोहोंना तत्त्वाचा पोशाख चढवणारे सुशिक्षित मत. ते मत पूर्णपणे चुकीचे आहे, आणि त्याची किंमत ते मांडणारे नव्हे, तर त्यांच्याकडे पाहून शिकणारी शाळेतली पोरे मोजतात. जूनमध्ये शाळा उघडतील, कुठे जिल्हा परिषद, कुठे साखर कारखाना, कुठे एखादी पतसंस्था सायकली वाटेल. त्या प्रत्येक सायकलीबरोबर मापाचे एक हेल्मेट देण्यासाठी अध्यादेश लागत नाही, पोलीस लागत नाही, न्यायालयाचा आदेशही लागत नाही. खरेदीच्या निविदेत एक ओळ वाढवली की पुरते.